नाव बदलून नोकरीचे अर्ज (जातभेद मोजायचा प्रयोग)

समाजाच्या प्रश्नांना सायन्सची पद्धत लावायची म्हणजे नक्की काय करायचं हे समजून घ्यायला नोकरीतल्या जातभेदाचा अभ्यास एकदम योग्य, कारण इथे सरळ विचारून काही हाती लागत नाही, "तुम्ही जात बघता का" म्हटलं की कुठलाही साहेब नाहीच म्हणणार. मग विचारायचंच नाही, अर्ज पाठवायचे आणि कोणाला बोलावणं येतं ते मोजायचं.

सुखदेव थोरात (आपल्या अमरावती जिल्ह्यातले अर्थतज्ज्ञ) आणि अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ पॉल अ‍ॅटवेल यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे हेच केलं. इंग्रजी पेपरातल्या प्रायव्हेट कंपन्यांच्या ५४८ जाहिराती, त्यांना ४,८०८ अर्ज. एकाच जागेसाठी कमीत कमी तीन बायोडेटा जायचे, डिग्री सारखी, अनुभव सारखा, जातीचा उल्लेख कुठेच नाही, फरक फक्त नावात: एक उच्चवर्णीय वाटणारं, एक दलित, एक मुस्लिम. बाकी सगळं सारखं ठेवल्यामुळे "त्यांचं शिक्षणच कमी असेल" ही नेहमीची पळवाट बंद होते, आणि या पद्धतीची खरी ताकद तीच आहे.

निकाल २००७ मध्ये छापून आला. उच्चवर्णीय नावाला इंटरव्ह्यूचा कॉल यायचे चान्सेस १ धरले तर दलित नावाला ०.६७ आणि मुस्लिम नावाला फक्त ०.३३. म्हणजे अर्जदाराचं तोंडही न बघता, नुसतं नाव वाचून, आणि तेही शहरातल्या शिकलेल्या मॉडर्न म्हणवणाऱ्या ऑफिसांत! हे वाचून चीड येते आणि यायलाच हवी.

पण एका प्रयोगावर थांबायचं नसतं. २००९ मध्ये छापून आलेल्या दिल्लीच्या अशाच अभ्यासात सॉफ्टवेअरच्या नोकऱ्यांत जातीचा ठळक फरक दिसला नाही, कॉल सेंटरच्या नोकऱ्यांत मात्र दिसला, त्यामुळे "सगळीकडे सारखंच" असं म्हणता येत नाही, क्षेत्र कोणतं ते बघावं लागतं.

शिवाय अर्जावरून कळतं ते फक्त पहिल्या दारापर्यंतचं. आत काय होतं, पगार, प्रमोशन, ते यात येत नाही, त्यासाठी माणसांशी बोलावंच लागतं. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी त्याच सुमारास एचआर मॅनेजरांच्या मुलाखती घेतल्या, तर सगळे म्हणाले आम्ही मेरिटच बघतो, आणि तेच लोक उमेदवाराला फॅमिली बॅकग्राउंड, म्हणजे वडील काय करतात, घरचे किती शिकलेत, हेही विचारत होते.