बांधकाम-सुरक्षेचे नियम व वास्तुविशारद

इमारत उभारताना आणि पुढे तिची देखभाल करताना कामगारांच्या जिवाला धोका पोहोचू नये, यासाठी मालक, वास्तुविशारद, प्रकल्प अभियंता व कंत्राटदार यांच्यावर कायद्याने सोपवलेल्या जबाबदाऱ्या. भारतात त्यांचा पाया इमारत व इतर बांधकाम कामगार अधिनियम, १९९६ याने घातला. त्याखालील १९९८ च्या केंद्रीय नियमांत वास्तुविशारदांची कर्तव्ये स्वतंत्रपणे नमूद होती. तोच आशय व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० च्या कलम ९ मध्ये आला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे.

कलम ९ नुसार कामगारांच्या सुरक्षेचा विचार नियोजनाच्या टप्प्यावरच व्हावा लागतो, धोकादायक रचना, प्रक्रिया किंवा साहित्य वापरणे भाग पडेल असे काही आराखड्यात घालता येत नाही, आणि देखभालीतील धोकेही संकल्पकाने, म्हणजे आराखडा करणाऱ्याने, लक्षात घ्यायचे असतात. यातील शेवटची अपेक्षा सर्वांत दुर्लक्षित आहे. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरील भागासाठी आराखड्यात पोहोचण्याजोगी जागा ठेवली नाही, तर पुढची कित्येक वर्षे प्रत्येक दुरुस्तीला कारागिराला अरुंद छज्ज्यावर उतरावे लागते. खिडकीतून हात पोहोचेल अशी जागा किंवा दोर बांधण्यासाठी भिंतीत पक्का हूक एवढी सोय कागदावर असतानाच करता येते. डक्टचे, म्हणजे नळ नेण्यासाठी मजल्यांतून सोडलेल्या उभ्या पोकळीचेही तसेच आहे. स्लॅब ओतताना डक्टच्या उघड्या चौकातून सळयांची जाळी सलग ठेवावी आणि नळ टाकायच्या वेळी ती कापावी, अशी टीप नकाशावर असेल तर त्या चौकातून माणूस खाली पडण्याचा धोका मधल्या काळात राहत नाही.

प्रकल्प व्यवस्थापनात या नियमांचा खरा ताण वेळापत्रकावर येतो. आयएस ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार, साधे पोर्टलंड सिमेंट वापरले असता ४.५ मी. पर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधील अंतराच्या) स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस व त्याहून मोठ्या गाळ्याखालील १४ दिवस काढता येत नाहीत. घाईच्या कामात हेच दिवस आधी कापले जातात, म्हणून ते मूळ वेळापत्रकातच धरणे व्यवस्थापकाचे काम ठरते. परांची, सुरक्षा जाळ्या, सुरक्षा पट्टे आणि खोदकामाच्या कडांचा आधार यांच्या खर्चासाठी निविदेत वेगळी बाब ठेवणेही तितकेच आवश्यक आहे; तशी बाब नसली की कमी दराच्या चढाओढीत सर्वप्रथम याच गोष्टींना कात्री लागते. २५० किंवा अधिक कामगार असलेल्या बांधकामावर सुरक्षा अधिकारी नेमणे संहितेने बंधनकारक केले आहे.

ब्रिटनने १९९४ च्या नियमांपासून संकल्पकाला थेट जबाबदार धरले. तेथील २०१५ च्या नियमांनुसार एकाहून अधिक कंत्राटदार असलेल्या प्रकल्पावर मालकाला मुख्य संकल्पक नेमावा लागतो. बांधकामपूर्व टप्प्यात सुरक्षेचा समन्वय साधण्याचे काम त्याच्याकडे असते, आणि इमारतीतील धोक्यांची माहिती देणारी नस्ती काम संपल्यावर मालकाच्या हाती दिली जाते. भारतीय कलमात असे समन्वयाचे पद नाही, आणि ही उणीव मोठी आहे, कारण वास्तुविशारद, संरचना अभियंता व इतर सेवांचे सल्लागार आपापले नकाशे वेगवेगळे काढतात आणि धोका बहुधा त्यांच्या सांध्यावर असतो.

दहापेक्षा कमी कामगार असलेली बांधकामे संहितेतील व्याख्येबाहेर राहतात. लहान बंगले व दुरुस्तीची कामे बहुतांशी याच गटात मोडतात. तेथे मजूर नाक्यावरून रोजच्या रोज आणले जातात, सुरक्षा अधिकारी नसतो, आणि कामाच्या पाहणीला येणारा वास्तुविशारद किंवा अभियंता हाच अनेकदा एकमेव जाणकार असतो.