नाव झाकलेली बाई आणि बनवलेली बाई: एक बगदादची, एक दमास्कसची

अरब देशातली एखादी पोरगी स्वतःचं नाव न सांगता आपल्या घरादाराबद्दल, रीतीभातीबद्दल नेटवर लिहायला लागली की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ही खरी आहे कशावरून? प्रश्न रास्त आहे, पण विचारताना लोक दोन गोष्टींची खिचडी करतात. नाव झाकणं वेगळं आणि माणूसच बनवणं वेगळं. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, स्क्रीनच्या पलीकडे कोण बसलंय ते कळत नाही. पण ही दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघितली ना, तर आपण सहसा धरून चालतो त्याच्या बरोब्बर उलटं निघतं. पूर्ण नाव, फोटो, घराण्याचा इतिहास सगळं देणारी निघाली खोटी, आणि काहीच न देणारी निघाली खरी.

आधी खरी. ऑगस्ट 2003, बगदाद, अमेरिकी फौजा शहरात घुसून चार महिने झालेले. 'रिव्हरबेंड' या नावाने एक मुलगी इंग्रजीत लिहायला लागली, आणि पहिल्याच दिवशी ओळख काय दिली तर मी बाई आहे, इराकी आहे, वय 24, युद्धातून वाचले, एवढं कळलं तरी बास. नंतरही तिनं फार काही वाढवलं नाही. भाऊ आहे, त्याचं नाव फक्त 'ई'. मोहल्ला कुठला ते नाही, आडनाव तर सोडाच. कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होती, युद्धानंतर पुन्हा कामावर गेली तर ऑफिसवाले म्हणाले की बायकांच्या सुरक्षिततेची हमी आम्ही देऊ शकत नाही, तुम्ही येऊ नका. झालं, नोकरी गेली. आणि हे त्या शहरात, जिथे बायका इंजिनिअर डॉक्टर प्रोफेसर होऊन वर्षानुवर्षं रोज कामाला जात होत्या.

आता ती कशावर लिहायची ते बघा. वीज किती तास गेली, रमजानचा रोजा खजुराने सुटल्यावर पुढे टेबलावर काय काय येतं, ती स्वतः डोकं झाकत नसे पण हळूहळू डोकं न झाकता बाहेर पडणं कसं अवघड होत गेलं, हे सगळं. आणि एका पुलाचा किस्सा तर भारीच आहे. बगदादच्या आग्नेयेला न्यू दियाला ब्रिज म्हणून पूल आहे, तो युद्धात मोडला. तिचा एक चुलतभाऊ की कोण नातेवाईक इंजिनिअर, त्यानं दुरुस्तीचा हिशोब मांडला 3 लाख डॉलर, आणि नंतर कळलं की हेच काम एका अमेरिकी कंपनीला जवळपास 5 कोटी डॉलरचा अंदाज धरून दिलंय. कुठल्याही कार्यकर्त्याच्या भाषणापेक्षा हे दोन आकडे जास्त बोलतात. स्वतःबद्दल ती अक्षर काढत नव्हती पण तिच्या भोवतीच्या गोष्टी अशा होत्या की बगदादमधला कोणीही माणूस उठून म्हणू शकला असता, बाई, हे तर साफ खोटं आहे. नाव बंद पण दार उघडं.

संशय घेणारे कमी नव्हते बरं का. एवढं सफाईदार इंग्रजी इराकी बाई लिहीलच कशी, हा त्यांचा मुख्य मुद्दा. (अरब बाईनं चांगलं इंग्रजी लिहिलं की लगेच खोटी, आणि वाईट लिहिलं असतं तर तिचं ऐकलंच नसतं, हा न्याय मला कधी कळलेला नाही.) लहानपणी काही वर्षं परदेशात काढली, घरच्यांनी इंग्रजी सुटू दिलं नाही, एवढं तिनं सांगितलं आणि पुढे गेली. तिच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन तिची बदनामी करणारं नकली पानही कोणीतरी काढलं होतं. ती लिहीत राहिली. 2005 मध्ये न्यूयॉर्कच्या फेमिनिस्ट प्रेसनं तिच्या लिखाणाचं पुस्तक काढलं, त्याच वर्षी वृत्तलेखनाच्या (रिपोर्ताज) लेत्र युलिसीस पुरस्कारात ते तिसरं आलं, आणि एवढं होऊनही ती फोटोसाठी पुढे आली नाही.

2007 मध्ये कुटुंब सीरियाला निघालं. निघण्याबद्दल तिनं जे लिहिलंय त्यात एक बॅग आहे. प्रत्येकाला एकच बॅग, तिची जवळपास दीड महिना खोलीत भरून पडलेली, आणि इतकी गच्च की चेन लावायला ती, तिचा भाऊ आणि शेजारचं सहा वर्षांचं पोर असे तिघं लागले. ऑक्टोबर 2007 नंतर ती गप्प झाली, मग थेट एप्रिल 2013 मध्ये, बगदाद पडल्याला दहा वर्षं झाली तेव्हा एकदा लिहिलं. खरं नाव आजपर्यंत जाहीर झालेलं नाही.

आता दुसरी. फेब्रुवारी 2011, अरब देशांमधले उठाव जोरात, आणि दमास्कसहून 'अमिना अब्दल्ला अर्राफ अल ओमारी' लिहायला लागते. नाव बघा किती लांबलचक आणि भारदस्त. सीरियन बाप, अमेरिकन आई, वर समलैंगिक असल्याचं उघड सांगणारी, सरकारच्या विरोधात, आणि फोटोही देणारी. पाश्चात्त्य वाचकाला जे जे ऐकायचं होतं ते सगळं एकाच मुलीत. एप्रिलच्या शेवटी तिनं एक प्रसंग लिहिला, रात्री गुप्त पोलिसांचे दोघं तिला न्यायला घरी येतात आणि म्हातारा बाप दारात उभा राहून त्यांना असं काही सुनावतो की ते माना खाली घालून परत जातात. तुफान व्हायरल झालं. मे महिन्यात लंडनच्या गार्डियननं तिच्यावर लेखही छापला.

6 जूनला तिच्या 'चुलत बहिणी'नं लिहिलं की अमिनाला शस्त्रधारी माणसांनी गाडीत कोंबून नेलं. फेसबुकवर तिच्या सुटकेसाठी हजारो लोक जमले. दोनच दिवसांत लंडनमधली एक बाई पुढे आली की अहो, हे फोटो माझे आहेत, माझा सीरियाशी काही संबंध नाही. मग पत्रकारांनी धागे उकलायला घेतले. अमिनाला कोणीही, म्हणजे कोणीही, प्रत्यक्ष भेटलेलं नव्हतं, तिनं पूर्वी दिलेला एक पत्ता अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या एका घराचा निघाला, आणि तिनं टाकलेले सीरियाचे काही फोटो भलत्याच बाईच्या ऑनलाइन अल्बममध्ये सापडले. ती बाई म्हणजे टॉम मॅकमास्टरची बायको. 12 जूनला या मॅकमास्टरनं कबूल केलं की अमिना म्हणून लिहिणारा मीच. वय 40, अमेरिकन, एडिनबर्ग युनिव्हर्सिटीत शिकत होता, आणि कबुली दिली तेव्हा इस्तंबूलला सुट्टीवर होता. वर त्याचं म्हणणं काय, तर आवाज काल्पनिक असेल पण सांगितलेली परिस्थिती खरी होती.

हसावं की रडावं कळत नाही असा भाग याच्या दुसऱ्या दिवशी आला. अमिनाचं लिखाण ज्या अमेरिकन लेस्बियन साइटवर आधी यायचं तिची संपादिका 'पॉला ब्रुक्स', ती निघाली ओहायोतला 58 वर्षांचा निवृत्त गृहस्थ. हे दोघं बायका बनून एकमेकांशी लाडीगोडीनं बोलायचेसुद्धा, आणि समोरचा पुरुष आहे याचा पत्ता दोघांनाही नाही!

मॅकमास्टरचं 'परिस्थिती खरी होती' हे आर्ग्युमेंट नुसतं हसून सोडू नका, कारण घोळ तिथेच आहे. त्याच्यासारखेच पुष्कळ लोक म्हणतात की रिव्हरबेंडनंही नाव बदललंच ना, मग फरक काय. फरक असा की रिव्हरबेंडनं वाचकाला एक गोष्ट नाकारली आणि ते पहिल्या दिवशी तोंडावर सांगितलं. मॅकमास्टरनं काहीच नाकारलं नाही, उलट भरभरून दिलं, आणि दिलेलं खोटं होतं. एकीनं जोखीम होती म्हणून नाव झाकलं, दुसऱ्यानं स्वतः कसलीही जोखीम न घेता जोखमीचं श्रेय तेवढं घेतलं. बाप दारात उभा राहिला तो प्रसंग परत वाचलात तर लक्षात येईल की त्यात तपासून बघण्यासारखं काही नाहीच, नुसतं टाळ्या घेण्यासारखं आहे. पुलाच्या हिशोबाचं नेमकं उलटं.

नाव का झाकावं लागतं हे आपल्याकडच्या वाचकाला चटकन कळत नाही म्हणून थोडं थांबतो. अरब समाजात मुलीचं नाव म्हणजे तिचं, मग बापाचं, मग आज्याचं, आणि शेवटी घराण्याचं किंवा टोळीचं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलायची पद्धत, तिकडे ते बदलत नाही, बाई मरेपर्यंत बापाचीच लेक. त्यामुळे तिनं लिहिलेल्या एका वाक्याचं बिल बाप, भाऊ, चुलते सगळ्यांच्या नावावर फाटतं. सरकारचा भाग वेगळाच. ताल अल-मल्लूही नावाची सीरियातल्या होम्सची शाळकरी मुलगी, पॅलेस्टाइनवर कविता आणि विचार स्वतःच्या नावानं नेटवर लिहायची, डिसेंबर 2009 मध्ये उचलली आणि फेब्रुवारी 2011 मध्ये पाच वर्षांची शिक्षा. म्हणजे मॅकमास्टर एडिनबर्गमध्ये बसून अमिना रंगवत होता त्याच महिन्यात.

आणि झाकलेलं नाव ही काही इंटरनेटनं आणलेली गोष्ट नाही. इजिप्तमध्ये मलक हिफनी नासिफ 'बाहिथत अल-बादिया' या नावानं बायकांच्या प्रश्नांवर लेख लिहायची, 1918 मध्ये जेमतेम एकतीस वर्षांची असताना गेली. नंतर आयेशा अब्द अल-रहमान 'बिंत अल-शाती' झाली, वडील कडक, त्यांच्यापासून लपवायचं म्हणून घेतलेलं ते नाव, आणि पुढे ती स्वतः मोठी विदुषी झाली तरी सगळं जग तिला त्याच नावानं ओळखत राहिलं. सौदीची हिस्सा हिलाल आधी 'रीमिया' नावानं कविता छापायची, 2010 मध्ये अबूधाबीच्या टीव्हीवरच्या काव्यस्पर्धेत कट्टर फतव्यांवर तुटून पडली तेव्हा नाव खरं होतं आणि चेहरा नकाबात. तिसरी आली.

आपल्याकडेही हे आहेच की. 1885 मध्ये टाइम्स ऑफ इंडियात 'ए हिंदू लेडी' या सहीनं बालविवाह आणि विधवांच्या हालांवर पत्रं आली, ती रखमाबाईंची. त्यांना नांदायला आणावं म्हणून नवरा दादाजी भिकाजीनं घातलेली केस तेव्हा कोर्टात चालू होती, स्वतःच्या नावानं लिहिलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको. आणि उलट्या बाजूनं बघायचं तर चिं. त्र्यं. खानोलकर 'आरती प्रभु' या बाईसारख्या नावानं कविता लिहायचे, पण म्हणून ते कोणाला आपली दुःखी कहाणी सांगून सुटकेची मोहीम काढायला लावत नव्हते. बाईचं नाव घेणं हा गुन्हा नाहीच, बाईच्या जिवावरचं संकट घेणं हा आहे.

मग वाचताना ओळखायचं कसं? शंभर टक्के खात्रीचा उपाय नाही, पण मी स्वतः दोन गोष्टी बघतो. एक, लिहिणारी कंटाळवाणं लिहिते का. खऱ्या बाईच्या लिखाणात पाण्याचा पंप, नातेवाईकांची कटकट, बाजारभाव असलं रटाळ पुष्कळ असतं, बनवलेल्या बाईकडे दर वेळी नाट्यच घडतं. दुसरं, ती तुम्हाला राग आणते का. रिव्हरबेंड अमेरिकन वाचकांना चिडवायची, इराकी नेत्यांना नावं ठेवायची, तिच्याशी सगळ्यांचं पटायचं असं अजिबात नव्हतं. अमिनाशी मात्र सगळ्यांचं पटायचं. फोटो आहे का, पूर्ण नाव आहे का, मुलाखत देते का, यावर मी आता काडीचाही विश्वास ठेवत नाही, कारण फोटो मागणाऱ्यांना मॅकमास्टरनं फोटो दिलेच होते.

या सगळ्यात मार कोणी खाल्ला तर दमास्कसमधल्या खऱ्या समलैंगिक कार्यकर्त्यांनी. अमिना पकडली गेली म्हणून त्यांच्यातले काही जण चौकश्या करत फिरले, म्हणजे नजरेत येण्याचा धोका पत्करून, आणि चौकशी कोणाची तर नसलेल्या बाईची. मॅकमास्टरची कबुली आल्यावर त्यांनी जाहीरपणे त्याला झाडलं की तुझ्यामुळे पोलिसांचं लक्ष आमच्याकडे वळलं. ही उत्तरं लिहिणाऱ्यांची नावंसुद्धा खरी नव्हती, आणि त्यांच्याकडे कोणी फोटो मागितला नाही ते बरंच झालं.