कर्जमर्यादा वाढवली म्हणजे नवा खर्च मंजूर? नाही हो!

अमेरिकेत डेट सीलिंगचं, म्हणजे सरकार एकूण किती कर्ज काढू शकतं या कायदेशीर मर्यादेचं भांडण पेटलं की तोच जुना मेसेज फिरतो, मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला उधळपट्टीचा परवाना मिळाला. साफ चूक. खर्च आणि टॅक्स काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) आधीच कायदे करून ठरवलेले असतात, मर्यादा वाढवून फक्त त्यासाठी कर्ज काढायची मुभा मिळते, म्हणजे हॉटेलात जेवून झाल्यावर बिल द्यायचं की नाही यावर वाद घालण्यातला प्रकार. २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि विरोधी रिपब्लिकन लोकांनी शेवटपर्यंत ताणलं, डिफॉल्ट झाला नाही, म्हणजे देणी थकली नाहीत, तरी एस अँड पी या रेटिंग एजन्सीने अमेरिकेचं ट्रिपल ए हे सर्वोच्च रेटिंग काढून घेतलंच. २०२३ ला राष्ट्राध्यक्ष बायडन आणि प्रतिनिधिगृहाचे तेव्हाचे रिपब्लिकन सभापती मॅकार्थी, परत तीच ताणाताणी. खर्च कमी करायचाय तर बजेटच्या वेळी भांडा ना! आणि शटडाउन, म्हणजे सरकारी कामकाज ठप्प होणं, वेगळं बरं का, तिथे खर्चाची मंजुरीच अडकलेली असते.