बायपोलर आणि ‘आगाऊ निर्देश’ : हा हक्क आला कुठून

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ५ मुळे कोणाही सज्ञान व्यक्तीला आपल्यावर पुढे कोणते उपचार व्हावेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते. यालाच ‘आगाऊ निर्देश’ म्हणतात. बायपोलर, म्हणजे उन्माद आणि नैराश्य यांचे झटके (एपिसोड) येणारा आजार, असलेल्यांसाठी ही तरतूद मोलाची आहे. दोन एपिसोडच्या मधल्या काळात माणूस बहुधा पुरता भानावर असतो; मॅनिया (उन्माद) चढला की मात्र ‘मला काहीच झालेले नाही’ असे त्याला मनापासून वाटते आणि गोळ्या सुटतात.

रुग्णाच्या शब्दाला वजन यावे ही धडपड रुग्णांनीच सुरू केली. अमेरिकेत क्लिफर्ड बीअर्स यांनी १९०० ते १९०३ दरम्यान नैराश्य आणि उन्माद दोन्ही भोगले, रुग्णालयांतली मारहाण आणि बांधून ठेवणे सोसले. १९०८ मध्ये त्यांनी ते पुस्तकातून जाहीरपणे मांडले, १९०९ मध्ये मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय समिती उभारली. तिच्या वारसदार संघटनेने १९५३ मध्ये जुन्या रुग्णालयांतल्या बेड्या-साखळ्या वितळवून ३०० पौंडांची घंटा ओतवून घेतली.

आपल्याकडे मनोरुग्णांविषयीचा १९१२ चा ल्युनसी कायदा १९९३ पर्यंत चालला. नातेवाइकाचा अर्ज, दोन डॉक्टरी दाखले, मॅजिस्ट्रेटचा हुकूम, एवढ्यावर माणसाला दाखल करता येई. उपचार कोणते हवेत हे रुग्णाला विचारण्याची सोयच नव्हती. त्याच्या जागी आलेल्या १९८७ च्या कायद्यातही नव्हती. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडीत मनोरुग्णांना ठेवलेल्या आश्रमात आग लागली. साखळीने बांधलेल्यांना पळता आले नाही, २८ जण गेले. २००७ मध्ये भारताने अपंगांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला आणि जुना कायदा बदलणे भाग पडले. नव्या मसुद्याला पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राचा हातभार होता. मानसिक आरोग्यात काम करणाऱ्या पुण्यातल्याच बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांचा जबरदस्तीच्या उपचारांना मुळातून विरोध होता. तो ताण कायद्यात दिसतो: संमतीशिवाय दाखल करण्याची वाट उरली आहे, पण अशा निर्णयांचा आढावा घेणाऱ्या मानसिक आरोग्य आढावा मंडळात दोन जागा रुग्ण, काळजीवाहक किंवा त्यांच्या संस्थांसाठी आहेत.

निर्देश लेखी हवा, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात आणि मंडळाकडे नोंद हवी. अडते ते इथेच, कारण कित्येक ठिकाणी मंडळे स्थापन व्हायलाच वर्षे गेली. ‘चांगले उपचार द्या’ असे मोघम लिहून उपयोग नाही. कोणत्या औषधाने काय त्रास झाला, झोप किती तासांवर आली की सावध व्हायचे, नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचारांच्या निर्णयांत आपल्याला साथ देणारी, आपण नेमलेली व्यक्ती) कोण, हे लिहावे. लिथियम (मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध) चालू असेल तर रक्तातली नेहमीची पातळी (साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर, शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी मोजलेली) नोंदवावी; जुलाब-उलट्यांनी किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी ती धोकादायक वाढते, हेही.

तातडीच्या उपचारांना, म्हणजे जास्तीत जास्त ७२ तास, हा निर्देश लागू होत नाही. एरवी डॉक्टरांना किंवा घरच्यांना तो पाळायचा नसेल, तर मंडळाकडे अर्ज करावा लागतो. पण प्रतच मिळाली नसेल तर डॉक्टरांवर जबाबदारी येत नाही. म्हणून एक प्रत डॉक्टरांच्या फाइलला आणि एक प्रतिनिधीकडे आधीच द्यावी.