आम्लाने उजळलेल्या खिडक्या

चर्चमधल्या चित्रखिडक्यांत रंग बहुतेक वेळा काचेवर दिलेला नसतो, तो काचेतच असतो. वितळलेल्या काचेत कोबाल्ट मिसळला की निळा, तांबे मिसळले की लाल. लालची मात्र एक पंचाईत आहे. तांब्याचा लाल इतका गर्द, की तीन-चार मिलिमीटर जाडीची काच जवळजवळ काळीच दिसेल. उजेड थरागणिक गुणाकाराने घटतो: एका थरातून निम्मा पार झाला, तर तशा दहा थरांतून हजारावा हिस्सा उरतो. म्हणून मध्ययुगापासून कारागीर बिनरंगी काचेवर लाल काचेचा पातळ पापुद्रा चढवत आले.

डब्लिनच्या हॅरी क्लार्क (१८८९–१९३१) यांनी याच पापुद्र्यातून जादू काढली. वडिलांचा चर्चसजावटीचा कारखाना होता, हात तिथेच बसला. राखायचा भाग लेपाने झाकायचा आणि उघडा भाग हायड्रोफ्लोरिक आम्लाने खाऊ द्यायचा. गंधकाम्लाला काच दाद देत नाही. पण फ्लोरीन सिलिकॉनला ऑक्सिजनपेक्षा घट्ट धरतो, त्यामुळे काचेची वीणच उसवते. आम्ल जितका वेळ राहील, तितका पापुद्रा झिजतो. एकाच तुकड्यात माणकासारख्या लालपासून फिक्या गुलाबीपर्यंतच्या छटा, आणि मध्ये तुकडे जोडणारी शिशाची एकही पट्टी नाही! पिवळ्यासाठी चांदीचे संयुग लावून काच भट्टीत भाजतात. चांदीचे आयन सोडियमची जागा घेत आत शिरतात, त्यांचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते जांभळा-निळा प्रकाश शोषून घेतात.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहराच्या होनन चॅपेलमध्ये त्यांच्या अकरा खिडक्या आहेत (१९१५–१७). त्यातली मधमाश्यांच्या संत गोबनाइटची खिडकी माझ्या मते सगळ्यांत देखणी; तिथला निळा नुसता निळा नाही, त्यात खोली आहे.

हे आम्ल भयंकर. ते कातडीतून आत जाऊन शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते, आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होते. क्लार्क एकेचाळिसाव्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये क्षयाने गेले. दोष वाफांना द्यावासा वाटतो, पण क्षय जिवाणूंमुळे होतो. वाफांनी फुप्फुसांचे भले झाले नसणार, एवढेच म्हणता येते.

त्यांची शेवटची मोठी खिडकी आयर्लंड सरकारने जिनिव्हाला भेट म्हणून देण्यासाठी करवून घेतली. आयरिश लेखकांच्या कृतींवरची ती चित्रे सरकारला फारच धीट वाटली. खिडकी जिनिव्हाला गेलीच नाही. आज ती अमेरिकेतल्या मायामी बीचच्या वुल्फसोनियन संग्रहालयात आहे.