बादुआनजिन

बादुआनजिन : ताओवादी परंपरेतील चीगोंग या श्वास व हालचालींच्या चीनी साधनेचा आठ हालचालींचा प्रसिद्ध संच. नावाचा अर्थ ‘किनखापाचे आठ तुकडे’. शरीर, श्वास आणि मन एकाच वेळी कामाला लावून अंगात बळ यावे व चित्त स्थिरावे, हा त्याचा हेतू. चीगोंगचे प्रकार पुष्कळ आहेत, पण नवशिक्याच्या वाट्याला सहसा आधी हाच येतो. जागा सतरंजीएवढी पुरते, साधन काही लागत नाही आणि पूर्ण संच सुमारे १२ मिनिटांत होतो.

चीनमध्ये श्वास आणि अंगविक्षेप यांच्या साधनेला पूर्वी ‘दाओयिन’ म्हणत. तिचा सर्वांत बोलका पुरावा हूनान प्रांतातल्या मावांगदुई येथे मिळाला. इ. स. पू. १६८ मध्ये बंद केलेल्या थडग्यातून १९७३ साली निघालेल्या रेशमी पटावर ४४ माणसे निरनिराळ्या मुद्रांत रंगवलेली आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, काही म्हातारेही आहेत. कोणी हात वर ताणले आहेत, कोणी कमरेत वाकले आहे, काही जण पशुपक्ष्यांचे अनुकरण करत आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातला वैद्य हुआ तुओ याने वाघ, हरीण, अस्वल, वानर व पक्षी यांच्यावरून बसवलेले पाच खेळ याच धारेतले.

बादुआनजिन हे नाव मात्र बरेच नंतरचे. बाराव्या शतकातील लेखक होंग माई याने एका दरबारी अधिकाऱ्याची हकिगत दिली आहे. हा गृहस्थ मध्यरात्री उठून बसे, श्वासाची साधना करी, अंग चोळी आणि ‘बादुआनजिन’ नावाची क्रिया करी. म्हणजे आरंभीच्या उल्लेखात ही बैठी साधना आहे. ताओवादी ग्रंथसंग्रहात झोंगली च्युआन या सिद्धाच्या नावावर असलेला बैठा प्रकारही तसाच : मांडी घालून डोळे मिटायचे, दात ३६ वेळा एकमेकांवर वाजवायचे, तळव्यांनी कान झाकून बोटांनी डोक्याच्या मागच्या बाजूला टिचक्या मारायच्या, तोंडात जमलेली लाळ सावकाश गिळायची. उभा प्रकार सेनापती युए फेई याने सैनिकांसाठी रचला असे चीनमध्ये सांगतात. ही दंतकथा मानणेच योग्य. आज सर्वत्र पाठ असलेली आठ ओळींची पद्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्की झाली. साधना जुनी आहे यात शंका नाही, पण ‘हजारो वर्षे जशीच्या तशी’ असे म्हणणे इतिहासाला धरून नाही.

या पद्यांच्या प्रत्येक ओळीत हालचाल आणि तिचे फळ दोन्ही येतात. पहिलीत दोन्ही हातांनी आकाश पेलायचे, दुसरीत धनुष्य ओढायचे, तिसरीत एकेक हात वर न्यायचा, चौथीत मान वळवून मागे पाहायचे. पाचवीत डोके व माकडहाड झुलवायचे, सहावीत हात पाठीवरून खाली नेत पावले धरायची, सातवीत मुठी आवळून डोळे वटारायचे आणि आठवीत टाचा उचलून अलगद आपटायच्या. प्रचलित पाठात शेवटची हालचाल सात वेळा, बाकीच्या सहा-सहा वेळा.

बळ कुठून येते हे धनुष्याच्या हालचालीत नीट कळते. पाय खांद्यांहून रुंद ठेवून घोड्यावर बसल्यासारखे खाली यायचे, पाठ ताठ. एका हाताची तर्जनी व अंगठा ताणलेले, दुसरा हात प्रत्यंचा ओढत छातीकडे आलेला, नजर तर्जनीच्या टोकावरून दूर. मांड्या थरथरू लागतात, छाती उघडते, दोन्ही खांदे विरुद्ध दिशांना खेचले जातात. धक्का कुठेच नाही, पण स्नायूंवर भार सतत असतो. नवशिके इथे गुडघे आत पडू देतात, खांदे कानांपर्यंत उचलतात आणि श्वास रोखतात. चांगला शिक्षक आधी हेच सोडवतो.

सातव्या हालचालीतली मूठ खास ताओवादी आहे. अंगठा आत घेऊन त्यावर चार बोटे मिटायची. ‘दाओदेजिंग’ या ताओवादाच्या मूळ ग्रंथाच्या ५५व्या प्रकरणात तान्ह्या बाळाचे वर्णन आहे : हाडे मऊ, स्नायू कोवळे, तरी मूठ घट्ट. ताठरपणाशिवायची ताकद हा ताओवाद्यांचा आदर्श या एका मुठीत दिसतो.

शिकण्याचा क्रम ठरलेला आहे : आधी शरीर सावरणे, मग श्वास, मग मन. पहिले काही आठवडे श्वासाला हातही लावायचा नाही, तो आपसूक चालू द्यायचा. हालचाल अंगवळणी पडली की वर जाताना पूरक (श्वास आत), खाली येताना रेचक (श्वास बाहेर) असा मेळ बसतो. त्यानंतर लक्ष बेंबीखालच्या ‘दानतियान’ या जागी ठेवायचे. चीनी विचारात ती ‘ची’ची, म्हणजे प्राणशक्तीची, कोठी आहे. प्राणायाम करणाऱ्या मराठी वाचकाला ही भाषा परकी वाटणार नाही, पण इथे कुंभकावर, म्हणजे श्वास रोखण्यावर, भर नाही. लांब, सैल रेचकाने हृदयाची गती मंदावते, हे शरीरशास्त्रालाही मान्य आहे. मन शांत होते ते बरेचसे यामुळे, आणि बारा मिनिटे लक्ष दुसरीकडे जाऊ न देण्याच्या सरावामुळे.

भारताशी जोडणारा एक धागाही आहे. सातव्या शतकातील वैद्य सुन सिमियाओ याने आपल्या ग्रंथात १८ हालचालींची एक मालिका दिली असून ती भारतातील ब्राह्मणांची पद्धत असल्याचे नमूद केले आहे. भारतीय भिक्षू बोधिधर्माने शाओलिन मठात चीगोंग आणले ही कथा मात्र उशिराच्या ग्रंथांवर उभी आहे.

‘चीगोंग’ हे सर्वसमावेशक नाव विसाव्या शतकात रुळले. १९५०च्या दशकात हबेई प्रांतातील लिऊ गुईझेन यांनी या साधनेला आरोग्यधामांत स्थान मिळवून दिले. सांस्कृतिक क्रांतीत ती दडपली गेली, तर १९८०च्या दशकात तिची लाट आली आणि चमत्कारांचे दावे करणारे गुरूही त्याबरोबर आले. १९९९ मध्ये चीगोंगच्या याच लाटेतून निघालेल्या फालुन गोंग या पंथावर बंदी आल्यावर सरकारने अशा सर्वच गटांवर लगाम आवळला. पुढे चीनच्या क्रीडा प्रशासनाने चार प्रमाणित संच पुढे आणले, त्यांत बादुआनजिन आहे. आज बागांमध्ये दिसते ते बहुतेक हेच रूप. वूदांग पर्वतावरील ताओवादी मात्र आपल्या परंपरेप्रमाणे शिकवतात.

वयस्करांचा तोल, झोप आणि रक्तदाब यांवर चांगला परिणाम झाल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. मात्र बरेच अभ्यास लहान आहेत, आणि आपण काय करतो आहोत हे सहभागी लोकांना ठाऊक असतेच, त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावे लागतात. बादुआनजिन औषधाची जागा घेत नाही. चक्कर येणाऱ्यांनी व अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांनी पाचव्या-सहाव्या हालचालीत डोके हृदयाच्या खाली नेऊ नये. हाडे ठिसूळ असतील तर टाचा आपटण्याऐवजी नुसत्या टेकवाव्यात. मानसिक आजार असलेल्यांनी तासन्‌तास चालणारी श्वास व ध्यानाची तीव्र साधना टाळावी. अतिरेकाने भ्रम झाल्याची उदाहरणे चीनी वैद्यकात नोंदलेली आहेत, आणि अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या १९९४च्या आवृत्तीतही त्यांची दखल होती.