उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास: भाडेकरूची पात्रता कशी ठरते आणि कागद कुठे अडतात

गिरगाव, काळबादेवी, भायखळा, लालबाग, दादर. मुंबईतल्या या पट्ट्यातल्या जुन्या इमारतीत पुनर्विकासाचं नाव निघालं की प्रत्येक जण आधी विचारतो, "किती फुटांचं घर मिळणार?" हा प्रश्न नंतरचा. आधी हे बघा की कागदोपत्री तुमच्या खोलीचा भाडेकरू कोण आहे. निम्म्या घरांत याचं उत्तर 'आजोबा' असं निघतं, आणि आजोबांना जाऊन तीस वर्षं झालेली असतात.

आमच्या चाळीच्या समितीत कागदपत्रांचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पुढे शेजारच्या इमारतींतले लोकही पिशव्या भरून कागद घेऊन यायला लागले. त्यांतल्या अपात्र ठरलेल्यांत घुसखोर मला फार दिसले नाहीत. दिसले ते जन्मापासून त्याच खोलीत राहिलेले लोक, ज्यांचं पावतीवर नाव चढवायचं राहून गेलं होतं.

इमारत कशात मोडते

मालमत्ता कराच्या बिलात 'दुरुस्ती उपकर' लागलेला असेल तर इमारत उपकरप्राप्त. हा उपकर १९६९ मध्ये सुरू झाला तेव्हा शहर भागात, म्हणजे ए ते जी वॉर्डांत, अशा १९,६४२ इमारती होत्या. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या 'अ' वर्गात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या 'ब' वर्गात आणि १९५१ पासून ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतच्या 'क' वर्गात. यांचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो आणि भाडेकरूंची यादी प्रमाणित करतं म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ. उपकर नसलेल्या भाडेकरू इमारतींसाठी ३३(७)(अ) आहे, अनेक इमारती मिळून समूह पुनर्विकास करायचा तर ३३(९). इथे मी फक्त ३३(७) बद्दल लिहितोय.

बिल मालकाकडे असतं आणि मालक दाखवत नाही, ही तक्रार नेहमीची. वॉर्ड ऑफिसच्या करनिर्धारण खात्यात इमारतीचा नंबर देऊन चौकशी करता येते. इमारतीला मागून जोडलेला भाग, वाढवलेला मजला, गच्चीवरची खोली यांची चौकशी वेगळी करा. पुढची इमारत उपकरप्राप्त असली म्हणजे मागचं बांधकामही असतंच असं नाही. डोंगरीत जुलै २०१९ मध्ये केसरबाई इमारत कोसळली, तेव्हा पडलेला भाग उपकरप्राप्त होता की नव्हता याच्यावरच आधी वाद झाला. ढिगारा उपसताना हा प्रश्न पडण्यापेक्षा आज पडलेला बरा.

१३ जून १९९६

ही तारीख भिंतीवर लिहून ठेवा. या तारखेनंतर निर्माण केलेली नवी भाडेकरारी पात्रतेसाठी धरत नाहीत. नंतरचं अनधिकृत बांधकामही धरत नाहीत.

आता लोक याचा अर्थ दोन्ही बाजूंनी चुकीचा लावतात. एक गट घाबरतो: "आम्ही खोली २००५ मध्ये घेतली, आम्ही बाद." तसं नाही. खोली १९९६ च्या आधीपासून भाड्याने दिलेली होती, तुम्ही ती आधीच्या भाडेकरूकडून मालकाच्या संमतीने घेतली आणि पावती तुमच्या नावाने झाली, तर भाडेकरारी जुनीच, फक्त माणूस बदलला. अशा पागडी व्यवहाराला, म्हणजे रक्कम देऊन भाडेकरूचा हक्क घेण्याला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५६ चा आधार आहे. मात्र आधीच्या भाडेकरूच्या पावत्या तुमच्या हातात हव्यात. खोली घेताना नव्वद टक्के लोक चावी घेतात आणि जुन्या पावत्या विसरतात. विकणारा एव्हाना गावी किंवा विरार-बदलापूरला गेलेला असतो. फोन लागत असेल तर आजच लावा.

दुसरा गट निर्धास्त असतो. एका खोलीत मध्ये पार्टिशन घालून दोन भाऊ राहतात, दोन चुली, दोन रेशनकार्डं, विजेचे मीटरसुद्धा दोन. "म्हणजे घरं दोन." नाही हो. मूळ पावती एक असेल तर घर एक. नंतर मालकाने प्रेमाने दोन पावत्या फाडून दिल्या असतील तर त्यांतली दुसरी १३ जून १९९६ च्या आधीची आहे का, एवढंच बघतात. यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी पाहिलेत. घरातल्या घरात काय ते ठरवून दोघांची नावं एकाच करारात संयुक्त लावता येतात. त्याची बोलणी बिल्डर यायच्या आधी झाली तर शांतपणे होतात.

मयताच्या नावाची पावती

सगळ्यात जास्त फायली इथे अडकतात. भाडे नियंत्रण कायद्यात 'भाडेकरू' या शब्दाच्या व्याख्येतच उत्तर आहे: भाडेकरू वारला तर त्याच्या मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहणारा कुटुंबातला माणूस भाडेकरू होतो. तसा कुणी नसेल तर वारस. कोण, यावर एकमत नसेल तर न्यायालय ठरवतं, आणि मुंबईत ते लघुवाद न्यायालय.

कायद्यात हे चार ओळींत आटोपतं. टेबलावर मात्र मृत्यूचा दाखला, सोबत राहत असल्याचा त्या काळातला पुरावा आणि बाकीच्या सगळ्या वारसांची ना हरकत प्रतिज्ञापत्रं मागतात. 'सगळ्या' म्हणजे लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणीसुद्धा. आत्या हयात नसेल तर तिची मुलं. दोन पिढ्या पावती बदलली नसेल तर सह्यांची संख्या पंधरा-वीसवर जाते आणि त्यातला एक जण हटकून रुसलेला असतो. त्याची मनधरणी करायला वर्ष लागू शकतं. म्हणून यादीची नोटीस लागेपर्यंत थांबू नका. वंशावळ कागदावर उतरवा, कोण कुठे आहे ते लिहा, आणि म्हातारी माणसं हयात आहेत तोवर सह्या घ्या. हे लिहायला कठोर वाटतं, पण एका मावशींची सही आणायला निघालेला मुलगा त्यांच्या तेराव्याला पोचला, हे मी पाहिलंय.

मालक नाव चढवायला पैसे मागतो किंवा भाडंच घेत नाही, हेही नित्याचं. पावती देणं त्याच्यावर बंधनकारक आहे. तो भाडं नाकारत असेल तर मनीऑर्डरने पाठवा, परत आली तर तो परतीचा कागद जपून ठेवा, सोबत स्पीड पोस्टाने पत्र पाठवून पोच जपा. "मालक घेत नाही म्हणून पंधरा वर्षं भाडं भरलं नाही" हे वाक्य कुठल्याही टेबलावर तुमच्या बाजूने जात नाही.

पुरावे

ओळखपत्रं, आधार, फोटो हे सांगायची गरज नाही, ते सगळ्यांकडे असतं. नसतो तो १९९६ च्या आधीचा कागद. भाडेपावती सगळ्यांत वरचढ. तिच्या जोडीला त्या काळचं विजेचं बिल, रेशनकार्ड, मतदार यादीतल्या नावाचा उतारा, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता, एलआयसीचं किंवा बँकेचं जुनं पत्र. दुकान असेल तर गुमास्ता परवाना (दुकानाच्या नोंदणीचा दाखला).

ज्यांच्या पावत्या वाळवीने खाल्ल्या किंवा २००५ च्या पावसात गेल्या, त्यांनी महापालिकेच्या करनिर्धारण खात्यातून इमारतीचा जुना निरीक्षण उतारा काढावा. तोंडी सगळे त्याला 'इन्स्पेक्शन एक्सट्रॅक्ट' म्हणतात, खिडकीवर तोच शब्द वापरा. त्यात खोलीवार भाडेकरूचं नाव, वापर आणि भाडं असतं. खिडकीवरून "रेकॉर्ड सापडत नाही" असं ऐकून लोक मागे फिरतात. फिरू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात मागा. मला एका कार्यालयात तीनदा 'नाही' म्हणून सांगितलेलं रजिस्टर चौथ्या खेपेला त्याच कपाटात मिळालं. फरक एवढाच की या वेळी हातात पोच होती. आणि हा उतारा एकेकट्याने काढू नका, समितीने सगळ्या इमारतीचा एकदाच काढावा.

नावाचं स्पेलिंग हा वेगळाच छळ. पावतीवर 'बाळू', आधारवर 'बाळकृष्ण', रेशनकार्डावर आडनावच गावाचं. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं प्रतिज्ञापत्र करून फाईलला आधीच लावा. साहेबाने विचारल्यावर धावपळ नको.

राहतं घर की धंद्याची जागा

नियम असा: राहत्या घराला जुन्या घराएवढं चटईक्षेत्र (भिंतींच्या आतलं वापरायचं क्षेत्र) मिळतं, पण कमीत कमी २७.८८ चौरस मीटर म्हणजे ३०० चौरस फूट, आणि जास्तीत जास्त १२० चौरस मीटर. बिगरनिवासी जागेला जेवढी होती तेवढीच. तिला किमान मर्यादेचा लाभ नाही.

म्हणजे १२० फुटांच्या राहत्या खोलीला ३०० फूट, पण तेवढ्याच दुकानाला १२० फूटच. "कमर्शियल दाखवलं की भाव जास्त" असं कुणीतरी जिन्यात सांगतं आणि खोलीत शिलाईमशीन किंवा खानावळ चालवणारी माणसं घाईने तसं लिहून देतात. पावतीवर, विजेच्या मीटरवर आणि उताऱ्यावर वापर काय लिहिलाय ते आधी बघा. तिन्हीकडे वेगळं असेल तर यादी होण्याआधी वकिलाला दाखवा.

मोजणीच्या दिवशी घरात माणूस असू द्या. कुलूप दिसलं की आकडा अंदाजाने पडतो, तो नंतर हलवणं महाकठीण. पोटमाळा, बाल्कनी, मोरी यांतलं काय धरलं ते तिथल्या तिथे विचारा आणि मोजणीच्या कागदाचा फोटो काढा. ज्यांची खोली ३०० फुटांच्या बरीच आत आहे त्यांनी पोटमाळ्यावरून भांडण्यात दम घालवू नये. धरला काय, न धरला काय, मिळणार ३०० च.

संमती, नोटीस आणि मुदती

प्रस्तावाला किमान ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते आणि ती एकदा दिली की मागे घेता येत नाही. कोऱ्या कागदावर सही नको. दोन बिल्डरांना दोन संमत्या दिलेले महाभाग प्रत्येक इमारतीत एक-दोन असतात. त्यांच्यामुळे सगळ्यांचं ना हरकत प्रमाणपत्र रखडतं. उलट, सही न करता अडून बसणाऱ्यानेही लक्षात घ्यावं की बहुमताच्या प्रस्तावाला मंडळाचं ना हरकत मिळाल्यावर म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ खाली त्याच्याकडून जागा रिकामी करून घेता येते.

म्हाडा कायद्याच्याच कलम ७९-अ ची नोटीस सर्रास चुकीची वाचली जाते. त्यातले पहिले सहा महिने मालकाला आहेत, प्रस्ताव द्यायला. त्याने दिला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित संस्थेला. तेही गेले तर मंडळ संपादन करून स्वतः पुनर्विकास करू शकतं. ही घर सोडायची मुदत नाही. आणि मालकाचे सहा महिने म्हणजे तुमच्या झोपेचे सहा महिने नव्हेत. संस्था उभी करणं, संमत्या गोळा करणं याला तेवढाच वेळ लागतो. नोटीस कुणाच्या सहीची आहे तेही बघा. अशा नोटिसांचा वाद २०२५ मध्ये उच्च न्यायालयात गेला होता, त्यात सही करणाऱ्या अधिकाऱ्याला तो अधिकार होता का, हाही मुद्दा होता.

महापालिका कायद्याच्या कलम ३५४ ची नोटीस वेगळी. ती धोकादायक इमारत रिकामी करण्याची. "घर सोडलं की हक्क गेला" या भीतीने लोक टेकू लावलेल्या इमारतीत पावसाळा काढतात. त्या कारवाईने भाडेकरूचा हक्क किंवा परत येण्याचा अधिकार जात नाही, हे त्याच कलमात लिहिलंय. फक्त इमारत पाडण्याआधी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि रहिवाशाचं नाव नोंदवून घ्या आणि त्याची प्रत मिळवा. ती प्रत मिळाली की सामान हलवा, घासाघीस करत बसू नका.

यादी लागल्यावर

मसुदा यादी लागली की तीन गोष्टी तपासा: नाव, खोली क्रमांक, क्षेत्रफळ आणि वापर. (चार झाल्या. चारही तपासा.) हरकतीची मुदत नोटिशीवरच्या तारखेपासून मोजा, तुम्ही ती जिन्यात वाचली त्या दिवसापासून नाही. हरकत लेखी, पुराव्यासकट, पोच घेऊन. शाखेतल्या ओळखीच्याला फोन केला म्हणजे हरकत नोंदली गेली असं होत नाही. अपात्र शेरा आला तर कारण लेखी मागा. "कागद अपुरे" हे कारण नव्हे, कोणता कागद अपुरा ते लिहून घ्या.

प्रमाणित यादी झाल्यावर खोली विकू नका. विकायचीच असेल तर नावबदल मंडळाकडे आणि बिल्डरकडे दोन्हीकडे होईपर्यंत घेणाऱ्याने पूर्ण पैसे देऊ नयेत.

बाकी ना हरकत, आयओडी (महापालिकेची बांधकामाची प्राथमिक मंजुरी), सीसी (काम सुरू करण्याचा दाखला) हे बिल्डरचं आणि वास्तुविशारदाचं काम. तुमच्यासाठी एकच: कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार दुय्यम निबंधकाकडे नोंदवला गेल्याशिवाय चावी देऊ नका. त्यात चटईक्षेत्र, पर्यायी घराचं भाडं आणि ते दरवर्षी किती वाढणार, आणि काम रखडलं तर काय, हे आकड्यांत असायला हवं. करारातलं नाव प्रमाणित यादीतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून बघा. 'बाळू' इथे पुन्हा उगवतो.